पाय वर घेतल्यावर बरं वाटतं, की खाली सोडल्यावर?

"डॉक्टर, माझी नस ब्लॉक झालीय का हो?"

दवाखान्यात हा प्रश्न ऐकल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. विचारणारा कधी पोटरीवर हात ठेवतो, कधी मांडीवर, कधी कंबरेवर. कुणाच्या हातात शेजाऱ्याने सांगितलेल्या तपासणीचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते, तर कुणी औषधाच्या दुकानातून घट्ट मोजे आधीच घेऊन आलेलं असतं. मी उत्तर देण्याआधी एक उलटा प्रश्न विचारतो. तोच या प्रकरणाचा मथळा आहे. प्रश्न साधा वाटतो, पण पुढच्या अनेक तपासण्यांची दिशा त्यावर ठरते.

१. एक शब्द, पाच दुखणी

आपल्या बोलण्यातला 'नस' हा शब्द फार मोठा संसार सांभाळतो. मान अवघडली की 'नस धरली'. कंबरेतून टाचेपर्यंत कळ गेली की 'नस दबली'. रात्री पोटरीत वांब आला की 'नसेवर नस चढली'. पायावर निळे-हिरवे दोर उठले की 'नस फुगली'. चालताना पाय दुखून थांबावं लागलं की 'नस ब्लॉक झाली'.

यातलं पहिलं आणि तिसरं दुखणं स्नायूचं असतं. दुसरं मज्जातंतूचं, म्हणजे मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या तारेचं. रक्ताशी थेट संबंध येतो तो फक्त शेवटच्या दोघांचा, आणि ते दोघंही एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्यांना 'रोहिणी' आणि 'नीला' हे शब्द आठवत असतील. आता आपण धमनी आणि शीर म्हणतो. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेते ती धमनी, शरीराकडून हृदयाकडे परत आणते ती शीर. दोघींना जोडणाऱ्या केसाहून बारीक नळ्या म्हणजे केशवाहिन्या.

घरात पाण्याची तक्रार दोन प्रकारची असते. नळाला पाणी येत नाही, किंवा मोरी तुंबली आहे. दोन्ही वेळा आपण प्लंबरला 'पाण्याचा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगतो, पण तो आधी कुठला प्रॉब्लेम ते विचारतो. धमनी आखडली तर नळ कोरडा पडतो, शीर बिघडली तर मोरी तुंबते. कोरड्या नळावर मोरीचा इलाज केला तर काय होतं, ते शेवटी सांगतो.

२. चढाचा प्रवास

आधी शिरेकडे पाहू, कारण तिचं काम जास्त अवघड आहे.

उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंतचं अंतर साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे १२०० मिलिमीटर धरा. एवढा उंच रक्ताचा स्तंभ घोट्यातल्या शिरेवर उभा असतो. रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. १२०० भागिले १३.६ म्हणजे सुमारे ८८. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ९० म्हणू. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याच्या शिरेत एवढा दाब असतो. शिरेची भिंत मात्र धमनीसारखी जाड नसते, पातळ आणि मऊ असते.

हा दाब उतरवायला दोन गोष्टी मदतीला असतात. एक पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात. ओला टॉवेल पिळल्यासारखं. नीट काम करणाऱ्या पायात दहाबारा पावलांतच घोट्याच्या शिरेतला दाब ९० वरून ३० च्या आसपास येतो. दुसरी गोष्ट म्हणजे शिरांतल्या झडपा. त्या फक्त वरच्या दिशेने उघडतात, म्हणून ढकललेलं रक्त पुन्हा खाली पडत नाही.

या झडपा तुम्हाला तुमच्याच हातावर पाहता येतील. (डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात मात्र यासाठी बांधू नका.) दंडाला रुमाल जरा आवळून बांधा आणि हात खाली सोडा. मनगटाकडून कोपराकडे जाणाऱ्या शिरा टरारतील. एका शिरेवर मनगटाच्या बाजूला बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त कोपराच्या दिशेने सारत न्या आणि ते बोट उचला. वरून रक्त परत येईल असं वाटतं, पण येत नाही. तेवढा तुकडा सपाट राहतो, कारण वरची झडप मिटलेली असते. आता खालचं बोट उचला. शीर खालून सर्रकन भरते.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली आपल्या लॅटिन पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसह छापला आणि रक्त शरीरात फिरून परत येतं हे दाखवून दिलं. पादुआला त्याचे गुरू असलेले फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्येच या झडपांवर पुस्तक लिहिलं होतं. पण झडपा बाहेर जाणाऱ्या रक्ताचा वेग कमी करतात, असा त्यांचा समज होता. गुरूंना झडप दिसली, तिचं काम शिष्याने ओळखलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती कळायला एक रुमाल आणि दोन बोटं पुरतात.

३. मोरी तुंबते तेव्हा

पोळीभाजी केंद्रात सोळा वर्षं उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी आठवतात. तक्रार त्यांच्याच शब्दांत : "सकाळी पाय माझे असतात. दुपारी दोननंतर कुणी तरी शिसं भरल्यागत होतात." संध्याकाळी पैंजण रुतायचे, घोट्याभोवती वळ पडायचा. घरी आल्यावर भिंतीला पाय लावून अर्धा तास पडलं की हलकं वाटायचं. रात्री झोपून सकाळी उठलं की सूज गायब.

शिरांच्या बिघाडाची बहुतेक सगळी लक्षणं या चार वाक्यांत आहेत. दिवसभरात वाढणारा जडपणा, उभं राहिल्यावर जास्त, चालल्यावर थोडा कमी, आणि पाय वर घेतल्यावर आराम. दुखणं टोचणारं नसतं. पाय ओढल्यासारखे, भरून आल्यासारखे वाटतात.

आत झालेलं असतं एवढंच की एखादी झडप नीट मिटेनाशी होते. तिच्यावरचं रक्त खाली उतरतं, खालची शीर ताणून रुंद होते. रुंद शिरेत पुढच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, मग तीही निकामी होते. जिन्यावरच्या एकाचा तोल गेला की खालच्या सगळ्यांचा जातो, तसं. अनुवंश, गरोदरपण, वाढतं वय, लठ्ठपणा आणि तासन् तास उभं राहण्याचं काम ही याची नेहमीची कारणं. वाहतूक पोलीस, शिक्षक, केशकर्तनालयातले कारागीर, परिचारिका, आचारी : माझ्याकडच्या रांगेत ही मंडळी कायम असतात.

याच्या पायऱ्या डॉक्टर शून्य ते सहा अशा मोजतात. काही दिसत नाही ती शून्य. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा ही पहिली, आणि ती बहुतेकदा निरुपद्रवी. ३ मिलिमीटरहून जाड, नागमोडी फुगलेल्या शिरा ही दुसरी, सूज ही तिसरी. चौथ्या पायरीपाशी मी रुग्णाला जरा जास्त वेळ बसवून घेतो.

घोट्याच्या आतल्या बाजूला, चारेक बोटं वर, कातडी तपकिरी होऊ लागते. लोक याला मळ समजून घासतात. तो डाग आतून आलेला असतो. दाब वाढलेल्या केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी बाहेर पाझरतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं. पांढऱ्या कपड्यावर खिळ्याचा गंज उतरावा तसा हा डाग. त्याच जागी खाज येते, कातडी कोरडी आणि टणक होते, आणि एखाद्या दिवशी डास चावल्याचं निमित्त होऊन जखम होते. भरलेली जखम ही पाचवी पायरी, उघडी जखम ही सहावी. चौथ्या पायरीवर नीट उपचार झाले तर पुढच्या दोन बहुतेकांना टाळता येतात. घोट्यावरचा तो डाग बघून 'वयोमानाने होतं' असं कुणी म्हणू नये.

एक धोका अचानक येतो. कातडीलगतची फुगलेली शीर फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते आणि माणूस घाबरून उभाच राहतो. उभ्या पायात दाब ९०, हे आपण वर मोजलं. म्हणून लगेच आडवं व्हायचं, पाय छातीच्या वर उचलायचा, स्वच्छ फडक्याने जागेवर दाबून धरायचं. रक्त थांबतं. मग दवाखाना गाठायचा.

४. तीन देवळं

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर रोज संध्याकाळी फिरायला निघत. वाटेत मारुती, गणपती आणि विठ्ठल अशी तीन देवळं. प्रत्येक देवळासमोर ते दोन मिनिटं हात जोडून उभे राहायचे. गल्लीत सगळे त्यांना भाविक समजत, आणि ते भाविक होतेही. पण देवळापर्यंत पोचेपर्यंत त्यांची उजवी पोटरी आवळून यायची आणि थांबल्यावर दोन मिनिटांत मोकळी व्हायची, हे त्यांनी वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं.

हा कोरडा नळ. बसलेल्या पोटरीला थोडं रक्त पुरतं, चालणाऱ्या पोटरीला कितीतरी पट लागतं. धमनी आतून आखडलेली असेल तर मागणी वाढताच पुरवठा तोकडा पडतो आणि स्नायू कळवळतो. थांबलं की मागणी उतरते, कळ जाते. याची ओळख म्हणजे हिशेबीपणा : जवळपास तेवढंच अंतर, तोच स्नायू, उभं राहून मिळणारा तोच आराम. चढावर अंतर कमी होतं.

कंबरेतला मज्जातंतू दबला तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल आरामात चालवतो आणि चालताना मात्र थांबतो. आणि रात्री अंथरुणात येणारा वांब? तो क्षणात येतो, पोटरी दगडासारखी होते, ताणली की सुटते. बहुतेक वेळा त्याचा रक्तपुरवठ्याशी काही संबंध नसतो.

धमनीचा आजार वाढला की चित्र पालटतं. आता दुखणं पोटरीत नसून पावलात, बोटांत येतं, तेही आडवं झाल्यावर. झोपल्यावर पाय हृदयाच्या पातळीला येतो आणि उतारावरून मिळणारी रक्ताची मदत बंद होते. मग माणूस पाय खाटेखाली लोंबता सोडून बसतो, तेव्हा कुठे डोळा लागतो. मथळ्यातल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हे : खाली सोडल्यावर बरं वाटतं. हे उत्तर कानावर पडलं की मी पुढची तारीख देत नाही, तपासणी त्याच दिवशी करतो. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडून असह्य दुखू लागला तर मात्र दिवसाचीही मुभा नसते. हातात मोजके तास असतात, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

धमन्या आखडण्यामागे तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे चौघं असतात, पण एका आजारात तंबाखू एकटीच पुरते. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पंचविशी-चाळिशीतले तरुण, बहुतेक पुरुष. हातापायांच्या लहान धमन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात, बोटं काळी पडतात. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो दिसतो. तंबाखू पूर्ण सोडली तर आजार बहुधा थांबतो. 'बिडी सोडली, आता फक्त मशेरी लावतो' ही तडजोड इथे चालत नाही.

५. एकच पाय, अचानक

वरची दोन्ही दुखणी महिनोन् महिने चालतात. तिसरं दोन दिवसांत उभं राहतं. पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि एकच पाय सुजतो, गरम लागतो, पोटरी दुखते. भीती पायाची कमी, फुप्फुसाची जास्त. गुठळीचा तुकडा सुटला तर हृदयातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. एकाएकी दम लागणं, श्वास घेताना छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, भोवळ येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर रुग्णवाहिका बोलवावी.

गुठळी कधी होते? रक्त साचून राहिलं, ते नेहमीपेक्षा लवकर गोठू लागलं, किंवा शिरेच्या अस्तराला इजा झाली की. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया, प्लास्टर, कर्करोग, काही गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण ही त्याची निमित्तं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे विशेष जोखमीचे. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवरून उतरू न देण्याची रीत आहे. तिला विश्रांती हवीच, पण घरातल्या घरात फिरणंही हवं. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात ही जोखीम साधारण दुप्पट होते. निरोग्याच्या बाबतीत ती मुळातच कमी असते, पण लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, तर तिने तिकिटाआधी डॉक्टरांना विचारावं.

शंका आली तर शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा. गुडघ्याखाली पुढे हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त निघाला तर डॉक्टर तो गांभीर्याने घेतात. फरक नसला म्हणून गुठळी नाही असं मात्र ठरत नाही. टेप फक्त घाई किती करायची ते सांगते. आणि असा पाय चोळू नका, मालीशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

६. सूज दोन्हीकडे असेल तर

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर आधी शिरांवर आरोप करू नये. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची चौकशी आधी. रक्तदाबाची अम्लोडिपिन ही गोळीही घोटे सुजवते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात हत्तीपायाची आठवण ठेवावी लागते. त्यात बिघाड रक्ताचा नसून लसिकेचा, म्हणजे पेशींभोवती साठणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा असतो. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहा. धरता आलीच नाही तर सूज लसिकेची असण्याचा संभव मोठा.

७. बोटं, पट्टा आणि आवाज

मी तपासणी उभ्या माणसापासून सुरू करतो. झोपलेल्या पायात शिरा लपतात. मग झोपवून पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे बोटं ठेवून नाडी शोधतो. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही जागा पाहायच्या.

त्यानंतर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी : घोट्याचा रक्तदाब. दंडाला बांधतो तोच पट्टा घोट्यावर बांधायचा आणि पेनाएवढ्या डॉप्लर यंत्राने नाडीचा आवाज ऐकायचा. पट्टा फुगवला की आवाज बंद होतो, हवा सोडताना ज्या आकड्याला परत येतो तो तिथला दाब. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. एकच्या आसपास म्हणजे ठीक, ०.९ किंवा खाली म्हणजे धमनी आखडलेली. कंडक्टरसाहेबांचा दंडाचा दाब १३०, उजव्या घोट्याचा ७८. भागाकार ०.६. वर्षभर मनात ठेवलेल्या दुखण्याचं निदान पंधरा मिनिटांत झालं. भागाकार १.४ च्या वर गेला तर आनंद मानू नये. मधुमेहात धमनीच्या भिंती चुन्याने टणक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा खोटा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.

डॉप्लर या नावामागे ख्रिश्चन डॉप्लर. १८४२ मध्ये प्रागला त्यांनी ताऱ्यांच्या रंगावरून मांडलं की जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या वस्तूच्या लहरी बदलतात. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये रेल्वेगाडीवर तुतारीवादक बसवून हे ताडून पाहिलं गेलं. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आपल्याला पार करताच खाली उतरते, तेच हे. यंत्र कानाला न ऐकू येणारा आवाज रक्तपेशींवर सोडतं आणि परतलेल्या आवाजातल्या फरकावरून रक्ताची दिशा आणि वेग सांगतं. निरोगी धमनी टप्पे घेत फटकारल्यासारखी वाजते. शीर श्वासाबरोबर चढते-उतरते, दूरच्या समुद्रासारखी.

चित्र आणि हा आवाज एकत्र म्हणजे कलर डॉप्लर. झडपा तपासायच्या तर रुग्णाला उभं करून, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ पडतं ते पाहायचं. वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून जास्त पडलं तर झडप बिघडली. गुठळी शोधायची रीत आणखी साधी : यंत्राने शिरेवर दाब द्यायचा. मोकळी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी जोडीला असते, पण तिचा उपयोग शंका दूर करायला. लक्षणं सौम्य आणि डी-डायमर कमी, तर गुठळी बहुधा नाही. डी-डायमर वाढलेलं आढळलं तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. गरोदरपणात, जंतुसंसर्गात, शस्त्रक्रियेनंतर, उतारवयात ते वाढतंच.

८. मोज्याची गोष्ट

शिरांच्या बिघाडात घट्ट मोजे फार गुणकारी असतात, म्हणून ते कुणीही कुणालाही सुचवतं. साठीच्या एक मधुमेही बाई घोट्याची जखम घेऊन आल्या होत्या. आतली बाजू, भोवती तपकिरी डाग, ओली, उथळ जखम. वर्णन शिरांच्या जखमेचं. कुणाच्या तरी सल्ल्याने त्या तीन आठवडे घट्ट पट्टी बांधत होत्या आणि जखम वाढत होती. बोटं सुजून गार पडली म्हणून जोडवी कापून काढावी लागली होती.

मी विचारलं, "रात्री पाय उशीवर घेता का?"

"घेत होते. आता नाही घेववत. खाली सोडला की बरं वाटतं."

दंडाचा दाब १४०, घोट्याचा ७०. भागाकार ०.५. मोरी तुंबलेली होतीच, पण नळही अर्धा बंद होता, आणि वरून पट्टी त्याच नळाला आवळत होती. पट्टी सोडली. धमनी फुग्याने उघडून घेतल्यावर भागाकार ०.८५ झाला, मग हलक्या दाबाची पट्टी, तीही दर आठवड्याला पाय पाहून. चौथ्या महिन्यात जखम भरली. त्या दिवशी बाईंनी चप्पल काढून पाऊल स्टुलावर ठेवलं तेव्हा मी सवयीने घोट्याकडे पाहत होतो. त्यांनी बोट खाली दाखवलं. नवी जोडवी घातली होती, आणि ती सैल फिरत होती.